मोरसच्या रानात

(वाटेवरचे प्रश्न: वाचकांची पत्रं आणि उत्तरं)

मागच्या खेपेला याच सदरात मी लिहून गेले होते, की मॉरिशसला जाल तेव्हा एक दिवस समुद्राकडे पाठ करा आणि ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात चाला. एवढ्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. निवडक पाच घेते. माझी लेक तिकडे नोकरीला, त्यामुळे दर एक-दोन वर्षांनी माझी फेरी होते. बाकी मी चिपळूणकडची, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली मास्तरीण आहे. झाडांबद्दल जास्त बोलेन, सांभाळून घ्या.

ताई, आम्ही दोघं नवराबायको, वय 61 आणि 57. कळसूबाई तीनदा केलंय. जुलैत सहा दिवस मॉरिशसला जातोय. सहलीच्या कार्यक्रमात बोटी, बेटं आणि खरेदी एवढंच आहे. एक दिवस मोकळा काढला तर कुठली वाट धरावी? वाटाड्या लागेल का? — नाशिकचे एक वाचक

कळसूबाई तीनदा केलेल्या माणसांना तिथल्या चढाची भीती घालण्यात अर्थ नाही. त्या देशातलं सगळ्यात उंच शिखर, पितों द ला पेतित रिव्हिएर न्वार, 828 मीटरचं. आपलं कळसूबाई 1646. म्हणजे निम्म्यापेक्षा जेमतेम पाच मीटर जास्त. त्यातही वाट सुरू होते ती पठारावरून, शामारेलकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या कडेने, त्यामुळे निम्मी उंची गाडीनेच चढून झालेली असते. शेवटचा तुकडा मात्र अंगावर येणारा आहे. मी गेले तेव्हा तिथे धरायला दोर बांधलेले होते आणि मी ते दोन्ही हातांनी धरले, लाज न बाळगता.

पण तुम्ही विचारताय म्हणून सांगते, शिखर सोडा आणि मकाबेची वाट धरा. पेत्रँ नावाच्या ठिकाणी पठारावर उद्यानाचं माहिती केंद्र आहे. तिथून निघायचं, रुंद लाल मातीच्या रस्त्याने रानातून जवळजवळ सपाट चालत मकाबेच्या कड्यावर यायचं आणि तिथून धारेने उतरून खाली घळीच्या तळाशी, ब्लॅक रिव्हरच्या बाजूच्या केंद्रावर पोचायचं. सगळं मिळून सुमारे 10 किलोमीटर. कड्यावरून खाली बघाल तर घळीच्या भिंतींवर पांढरी शेपटी लांबवत पक्षी तरंगताना दिसतील. ते समुद्रपक्षी, तिकडे त्यांना पाय-आं-क्यू म्हणतात, ‘शेपटीत काडी’. बघितल्यावर नाव पटतं.

उतार सांभाळून उतरा. लाल चिकणमाती, वर ओला पाला, आणि तिथे पठारावर थंडीतही पाऊस भुरभुरत असतो. आपल्याकडे पावसाळ्यात जांभ्याच्या घाटीत जसं एका जागी बसून घसरावं लागतं, तसं एक-दोन ठिकाणी करावं लागलं तर कमीपणा मानू नका. काठी न्या. वाटाड्या लागत नाही, वाट ठळक आहे. फक्त गाडीचं गणित नीट बसवा. सुरुवात एकीकडे, शेवट दुसरीकडे, आणि दोन टोकांमध्ये गाडीरस्त्याने पठार उतरून मोठा वळसा. सोडणारी गाडीच खाली येऊन थांबेल असं आधी ठरवा.

आता माझी फजिती ऐका, कारण तुम्हीही जुलैतच निघालाय. पहिल्या वर्षी मी जेवूनखाऊन साडेबाराला पेत्रँहून निघाले. डोक्यात पुण्याचा जुलै, सव्वासातपर्यंत उजेड. पण ते बेट विषुववृत्ताच्या पलीकडे. जुलै म्हणजे तिथला पौष. पावणेसहाला सूर्य गेला, आणि झाडांखाली तर त्याच्याही आधी. शेवटचा तासभर मोबाइलच्या विजेरीवर उतरले. टॅक्सीवाल्याने पाचपर्यंत थांबेन सांगितलं होतं, तो साडेपाचपर्यंत थांबून गेला. त्याची काही चूक नाही. घळीत फोनला रेंज नव्हती. अखेर भाजीच्या एका टेम्पोने मला मोठ्या रस्त्यापर्यंत आणून सोडलं, कोबीच्या पोत्यावर बसवून. तेव्हा सकाळी आठला चालायला सुरुवात करा, दोनच्या आत खाली पोचा.

एक गोष्ट तुमच्यासारख्या सह्याद्रीच्या माणसांसाठी मुद्दाम. तिथल्या कड्याचा दगड बघा. काळा पाषाण, आपलाच वाटेल. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात, की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त ठिकाणावरून दख्खनचा लाव्हा वर आला, त्याच ठिकाणाने पुढे समुद्रात मॉरिशस घडवलं, आणि आता ते शेजारच्या रियुनियन बेटाखाली धुमसतंय. मॉरिशसचं वय सुमारे ऐंशी लाख वर्षं. म्हणजे कळसूबाईचं शेंडेफळ म्हणा.

नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन जावं का? साप, विंचू, बिबटे? सासूबाई नको म्हणतायत. — ठाण्याच्या एक वाचक

सासूबाईंना सांगा, बोरिवलीच्या उद्यानात जितकी काळजी करतो त्याच्या पाव हिश्शाने करा. त्या बेटावर विषारी साप नाहीत आणि मोठं हिंस्र जनावर एकही नाही. माकडं आहेत, लांब शेपटीची, मुळात जावाकडून आणलेली. हातातली केळी हिसकावतात. खायचं पिशवीत बंद ठेवा. मुलाला मकाबेची पूर्ण वाट जड जाईल. त्याला अलेक्झांड्रा धबधब्याच्या आणि घळ-दर्शनाच्या ठिकाणी न्या, दोन्हीकडे गाडी जवळपर्यंत जाते. मग पेत्रँला बोर्डवॉकसारखी छोटी पायवाट असेल तिथे अर्धा तास फिरवा.

आणि त्याला एक काम द्या. तिथे केवड्याच्या जातीची झुडपं आहेत. त्यांच्या पानांच्या खोबणीत एक पाल शोधायला सांगा. आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी किळसवाणी नाही हो. कच्च्या कैरीसारखी हिरवी, पाठीवर लाल ठिपके, शेपटी निळी. ती दिवसाउजेडी हिंडते आणि फुलांतला मध चाटते. त्रोशेशिया नावाच्या तिथल्या फुलात मध चक्क रंगीत असतो, एका जातीत पिवळा, एकीत लाल. परागीभवन करायला पाल! मी वर्गात पस्तीस वर्षं मधमाशी, फुलपाखरू, वटवाघूळ असं घोकून घेतलं आणि निवृत्तीनंतर हे बघितलं. चुकीचं शिकवलं नव्हतं, पण अपुरं शिकवलं.

डिसेंबर ते मार्च मुलाला नेऊ नका. तो वादळांचा काळ, नद्या एकाएकी फुगतात. त्याच भागात आँरिएता गावाजवळ सात धबधब्यांची एक दरी आहे, व्हिडिओंत फार सुंदर दिसते. तिथे मात्र जाणत्या माणसाशिवाय मोठ्यांनीही उतरू नये.

बाई, मी तुमची 2003 सालची विद्यार्थिनी. मागच्या महिन्यात तिथे जाऊन आले. इतकं घनदाट हिरवं रान, आणि वनखात्याची माणसं कुंपणाच्या आत चक्क पेरूची झाडं तोडत होती! विचारलं तर भाषेमुळे काही कळलं नाही. संरक्षित जंगलात तोड कशी चालते? — रत्नागिरीहून

अगं, नेमकं तेच बघायला तिथे जायचं असतं. तुला ते बघायला मिळालं आणि तू चिडलीस!

‘घनदाट हिरवं’ म्हणालीस ना, त्यातलं निम्म्याहून जास्त त्या बेटाचं नव्हेच. ते उद्यान 1994 साली जाहीर झालं, 65 चौरस किलोमीटरच्या आसपास. बोरिवलीचं 104. पण बेटाच्या जमिनीचा साडेतीन टक्के भाग तो. चांगल्या अवस्थेतलं मूळचं रान म्हणाल तर सगळ्या बेटावर दोन टक्केही उरलेलं नाही. डच लोक 1638 पासून तिथे राहिले ते प्रामुख्याने काळ्या अबनूसच्या लाकडासाठी. त्यांनी 1639 मध्ये जावाहून हरणं आणली. मग फ्रेंच, मग इंग्रज, मग ऊस. आणि प्रत्येकाच्या बोटीतून काही ना काही उतरलं.

तू पाहिलास तो पेरू मूळचा ब्राझीलकडचा. तिकडे त्याला ‘गोयाव द सिन’, चिनी पेरू म्हणतात, चीनशी त्याचा काही संबंध नसताना. आठवतंय का बघ त्याचं खोड. आपल्या पेरूसारखंच गुळगुळीत, साल पापुद्र्याने निघणारी. पण एक झाड कधीच नसतं. मनगटाएवढ्या खोडांची कुडाची भिंत उभी असते. मी एकदा वाट सोडून आत शिरायचा प्रयत्न केला, चार पावलांत पिशवी अडकली. खाली वाकून बघितलं तर जमिनीवर काही नव्हतं. नुसता पाला आणि पेरूचीच रोपं. वर शंभर-दोनशे वर्षांचा अबनूस उभा, पण त्याचं एक पोर खाली नाही. उजेडच पोचत नाही. उगवलंच तर हरीण खुडतं, रानडुक्कर उकरतं. वरचे म्हातारे मेले की रान संपलं, आणि लांबून मात्र हिरवंच दिसत राहणार.

म्हणून कुंपण. आतला पेरू, प्रिव्हेट आणि इतर घुसखोर हातांनी उपटायचे, मोठे कापायचे, हरणं-डुकरं बाहेर ठेवायची, आणि मग वाट बघायची. असे छोटे तुकडे 1980 च्या दशकापासून राखत आणलेत. एकदा उपटून भागत नाही, कारण मातीत बी असतं. ठरावीक काळाने पुन्हा यायचं. आपल्या भातखाचरातली बेणणी आठव. तीच, फक्त रानाची.

कुंपणाच्या आत आणि बाहेर एकाच जागी उभं राहून बघायला हवं होतंस. आत गुडघ्याएवढी वेगवेगळ्या पानांची रोपं, काहींची कोवळी पानं लालसर, मोठ्या झाडाच्या पानाशी अजिबात न जुळणारी. बाहेर एकच पान, चकचकीत, पेरूचं.

आता तुला लाज वाटेल अशी गोष्ट. घुसखोरांत आपलेही आहेत. आपली माधवलता, कवींची लाडकी, तिथे ‘हरणवेल’ अशा अर्थाच्या नावाने झाडं गळफास लावून मारते. टोळांवर इलाज म्हणून 1762 साली भारतातून साळुंक्या नेल्या. 1900 मध्ये उंदरांवर मुंगूस नेलं, त्याने उंदीर सोडून पक्षी धरले. आणि पिंजऱ्यातून सुटलेला आपला साधा पोपट तिथल्या मूळच्या पोपटाच्या ढोल्या बळकावतो. दोघे सख्खे चुलत, दिसायला इतके सारखे की मला अजून शपथेवर ओळखता येत नाही.

तो मूळचा पोपट 1980 च्या दशकात दहा-बारावर आला होता. खरूची-ससाण्यासारखा तिथला छोटा ससाणा 1974 मध्ये रानात चार. चार! गुलाबी कबूतर 1990 च्या सुमारास दहाच्या घरात. कार्ल जोन्स नावाचा वेल्सचा माणूस 1979 मध्ये तिथे गेला तो पाळलेल्या पक्ष्यांखाली अंडी उबवत, पिल्लं भरवत, पेट्या टांगत राहिला. स्थानिक मंडळी मिळाली, वन्यजीव संस्था 1984 मध्ये उभी राहिली. आज तिन्ही पक्षी शेकड्यांत आहेत. पेत्रँजवळ वाटेवर मला गुलाबी कबूतर दिसलं ते माझ्याकडे पाठ करून. शेपटी विटकरी, अंग दुधात चमचाभर कोकम पडावं तसं. कबुतराचं मला फारसं कौतुक नाही, पुण्याच्या गॅलरीने ते घालवलंय. पण त्याच्यासमोर मी पाच मिनिटं हलले नाही.

आणि तांबालाकॉकच्या झाडाबद्दल तू जुन्या वहीत जे लिहून घेतलंयस, ‘डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय बी रुजत नाही’, ते खोडून टाक. 1977 साली तशी कल्पना मांडली गेली होती आणि मीही ती मोठ्या हौसेने सांगितली. पुढे दिसलं की बी डोडोवाचूनही रुजतं. डोडो तर 1662 नंतर कुणी खात्रीने पाहिलेला नाही, आणि झाडं त्यानंतरची आहेत.

आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ ‘मोरसला’ गेले ते परतले नाहीत, एवढीच घरात आठवण आहे. त्या जंगलाच्या आसपास आपली माणसं आहेत असं ऐकतो. रानात हिंडताना कुणी भेटतं का? — लांज्याचे एक वाचक, वय 74

आजोबा, तुमच्या पत्रातला ‘मोरस’ हा शब्द वाचून मला आमची आजी आठवली. ती पांढऱ्या साखरेला मोरसच म्हणायची. ‘मोरस घाल चमचाभर.’ देशाचं नाव साखरेला पडलं आणि लोक देश विसरले.

तिकडे ऊसमळ्यांवर करारी मजूर 1834 पासून गेले. जास्त लोक कलकत्त्याहून, पण मुंबई बंदरातूनही गेले आणि त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडचे बरेच. त्यांची वस्ती व्हाकोआ, कास्काव्हेल अशा गावांत, म्हणजे या रानाच्या दोन बाजूंना. व्हाकोआ हे गावाचं नावच मुळी केवड्याच्या त्या झुडपावरून पडलंय, ज्याच्या पानात निळ्या शेपटीची पाल राहते. एके काळी साखर भरायच्या पिशव्या त्याच पानांच्या विणत. म्हणजे आजीची मोरस बहुधा केवड्याच्या पिशवीत भरून निघालेली.

माणसं भेटतात का? मला भेटली, पेरूच्या झाडीत. साधारण एप्रिलपासून जून-जुलैपर्यंत ती फळं पिकतात. मोठ्या गोटीएवढी, गडद लाल, आतून पांढरट आणि बियांनी भरलेली. आंबटगोड. आख्खं मॉरिशस तेव्हा पिशव्या घेऊन रस्त्याकडेच्या झाडीत शिरतं. मी वाकून एक खोड निरखत होते तर पलीकडून साठीची एक बाई आली, डोक्याला रुमाल, हातात प्लास्टिकची पिशवी अर्धी भरलेली. तिने खिशातून कागदाची पुडी काढली, माझ्या तळहातावर दोन पेरू ठेवले आणि वर पुडीतलं भुरभुरवलं. मिरची आणि मीठ. मी नकळत म्हणाले, “अगं बाई, तिखटमीठ!”

तिने मान वर केली. “ऊ माराठी?” म्हणजे तुम्ही मराठी? मग छातीवर हात ठेवून, “मो ऑसी.” मीपण.

त्यापुढे आमचं बोलणं अडलं. घरात त्यांच्या क्रिओल, मला ती येत नाही. तिचं मराठी शाळेतलं आणि देवळातलं. ‘पाणी’, ‘आई’, ‘बस’, ‘जेव’ एवढे शब्द निघाले. गणपतीची आरती मात्र तिला पूर्ण येत होती, आणि ती तिने तिथेच, पेरूच्या झाडीत, मला म्हणून दाखवली. चाल आमच्या चिपळूणच्या आळीतलीच, जराशी संथ. गणेश चतुर्थीला तिकडे देशाची सुटी असते, ठाऊक आहे ना तुम्हाला? तिला गाव विचारलं तर तिने कास्काव्हेल सांगितलं. मी म्हटलं, त्याआधीचं? ती हसली आणि हाताने समुद्राकडे दाखवलं.

तुमच्या पणजोबांच्या भावाचा शोध घ्यायचा असेल तर रानात नको, मोका या गावी महात्मा गांधी संस्थेत घ्या. मजुरांच्या नोंदी तिथे जपलेल्या आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, जहाज यांपैकी जे घरात कुणाला आठवत असेल ते आधी कागदावर मांडा. नावांची स्पेलिंगं कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिलीत, तेव्हा आडनाव मोडकंतोडकं सापडेल अशी तयारी ठेवा.

मॉरिशसच्या रानातल्या लाल पेरूची दोन रोपं किंवा बिया येताना आणता येतील का? माझी कुडाळजवळ दोन एकर बाग आहे, पाणी भरपूर आहे. फळाला मागणी येईल असं वाटतं. — सिंधुदुर्गातील एक बागायतदार

नाही हो.

एक तर परवानगीवाचून परदेशातून रोपं-बिया आणणं आपल्या कायद्यात बसत नाही, विमानतळावर काढून घेतील. आणि काढून घेतली नाहीत तर जास्त वाईट. तिसरं पत्र पुन्हा वाचा. तुमच्या बागेला पाणी भरपूर, वर आंबोलीचा पाऊस, आणि फळ खायला माकडं व बुलबुल तयार. तुम्हाला मागणी येण्याआधी त्याला घाट मिळेल.

तिथे जाऊन हवे तितके खा. तिखटमीठ घरून न्या, तिकडचं फार जहाल असतं. बिया तोंडात घोळतात त्या रानात थुंकू नका, गाडीत कागद ठेवा. माझ्या बुटांच्या खाचेत दोन आल्या होत्या, त्या मी लेकीच्या न्हाणीघरात टाचणीने काढल्या आणि गॅसवर भाजल्या.